काजळ लावलेलं कोकरू

काळं लागलं. पोरीच्या बोटांना काळं लागलं आन् समोर क्यामेरा चालू.

ह्ये मी आजपातुर कुनाला सांगितलेलं न्हाय. आईला न्हाय, आमच्या ह्यांना न्हाय. देवापुढं बसते तितं बी न्हाय — तितं बी मधनंच उठते, दूध उतू जाईल म्हनून, गॅसवर दूध नसलं तरी उठते. आज तुमाला सांगते. तुमी माझ्या वळखीचे न्हाय म्हनून सांगता येतंय. वळखीचे असता तर जीभ उचललीच नसती.

तर काळं. माझ्या एका मांडीवर पोरगी, स्वरा, नुकती बसायला लागलेली. दुसऱ्या मांडीवर कोकरू. पुढ्यात चॅनेलवाली ताई माइक धरून, तिच्या मागं क्यामेरावाला, त्याच्या मागं कारखान्याचे मॅनेजर आन् निम्मी गल्ली. सगळी हसत हुती. आन् पोरीनं हात पुढं करून कोकराच्या डोळ्यालाच लावला. लहान लेकरू त्ये, डोळा चमकला की बोट घालनारच की. हात मागं घेतला तर बोटं काळीभोर. तिच्या अंगात पांढरं झबलं. आता पुसंल, आता झबल्याला पुसंल. मी काय केलं? तिचा हात धरला आन् बोटं माझ्या तोंडात घातली. एकेक बोट चोखलं. हसत हसत. जळक्या तुपाची चव आली जिभंवर.

"अगंबाई, किती गोड!" चॅनेलवाली ताई वरडली. "दादा, हे घ्या, जवळून घ्या!"

त्ये तुमी बघितलं असंल. टीव्हीवर बघितलं असंल. आई लेकराची बोटं चुंबते आन् मधी कोकरू. तीच मी. चुंबत नव्हते. काजळ खात हुते.

कोकराच्या डोळ्याभवती काजळ मीच लावलं हुतं. सकाळी, न्हानीघरात कडी घालून, माझ्या हातानं. कशाला — सांगते. दम लागतोय जरा. पन सांगते.

आमी ऱ्हातो अक्कलकोट रोडला, एमायडीसीच्या मागं. आमचे ह्ये टॉवेलच्या कारखान्यात मागावर हायेत. सासूला मी आत्या म्हनते. आत्यांची मेंढरं हायेत, थोडीच, पन त्यांचा जीव त्यातच. दिवाळी झाली की त्या आपल्या भावासंगं मेंढरं घिऊन लांब जातात, चाऱ्यापान्याला, त्ये पावसाळा तोंडावर आला की माघारी. पोरगी झाली त्या साली एक मेंढी तेवढी घरी ठेवली हुती. गाभन हुती, चालवंना तिला. आन् घरी कोन? मी, ह्ये, पोरगी आन् माझी ननंद रानी.

रानीबद्दल सांगायला पायजे. तिच्याबद्दलच हाय ह्ये सगळं. रानी तवा कॉलेजात जात हुती, पयल्या वर्षाला. मी सातवी सोडलेली. तिला इंग्रजी वाचता यायचं, मोबाईलमधलं समदं कळायचं, आन् तरी मला "वैनी, वैनी" करत मागं मागं असायची. माझ्या बाळंतपनात माझं डोकं तिनं धुतलं. पोरगी रडली की पयली तीच उठायची. खोटं म्हनून बोलायची न्हाय. येवढी न्हाय की मला कटकट वाटायची — भाजीत मीठ जास्त झालं तर ह्यांच्या तोंडावर म्हनायची, "दादा, वैनीनं दोनदा घातलं मीठ." हसायची वर. तिला लपवता यायचंच न्हाय.

मेंढी याली. पांढरं कोकरू झालं आन् त्याच्या डाव्या डोळ्याभवती काळं गोल, कुनी शर्टाचं बटन शिवल्यागत. रानीनं नाव ठेवलं बटन. तिनं पोरीच्या कुशीत बटनला झोपवलं आन् फोटू काढला. ह्यांनी त्यो कारखान्यात दाखवला. मॅनेजरनी बघितला, छोट्या मालकांनी बघितला, आन् छोट्या मालकांनी त्यो पुन्याच्या जाहिरातवाल्याला धाडला. झालं. टॉवेलची जाहिरात करायची, म्हनले. भिजलेलं बाळ आन् भिजलेलं कोकरू, दोगं एका टॉवेलात, नुसती तोंडं बाहीर.

माझी पोरगी टीव्हीवर! मला त्या दिवसापास्नं जेवान गेलं न्हाय. माढ्याला आईला फोन केला, आईनं समद्या गल्लीला सांगितलं.

आत्यांना बी फोन केला. त्या कुटंतरी भीमेच्या काठाला हुत्या. त्यांनी समदं ऐकून घेतलं आन् येवढंच म्हनल्या, "करा काय करायचं त्ये. पन कोकराला साबन लागू दिऊ नगंस. मेंढी डोळ्यानं वळखत न्हाय बाई, नाकानं वळखती. वास गेला की लेकरू गेलं."

मी म्हनलं, व्हय.

आता बघा. म्हंजी मला म्हाईत हुतं. मला म्हाईत नव्हतं असं मला कधीच म्हनता येनार न्हाय.

सिद्धेश्वराची जत्रा नुकती झालेली, थंडी हुती. जाहिरातवाला पोरगा आला, डोक्यावर उलटी टोपी, संगं चार मानसं, दिवे, छत्र्या. त्यानं बटनला बघितलं आन् नाक मुरडलं. म्हनला, "वास येतोय याला. आणि पिवळट दिसतंय. टॉवेल पांढरा आहे आपला." मग बाटली काढली. लहान पोरांचा शॅम्पू, लई भारी वासाचा. माझ्या हातातच दिली, "वहिनी, तुम्हीच धुवा, तुमच्याकडे शांत राहील."

माझ्या तोंडापातुर आलं हुतं. आलं हुतं, खरं सांगते. पन ह्ये तितं उभे हुते, मॅनेजरच्या मागं, हात बांधून, शाळंतल्या पोरागत. आन् पोरीला नवं झबलं घातलेलं. मी म्हनलं, आता साबन नगं म्हनले आन् ह्ये लोक उठून गेले तर? दुसरी पोरगी घेतली तर, दुसरं कोकरू? — मी बाटली उघडली. फेस केला. कानामागं, पोटाखाली, शेपटीखाली, जितं मेंढी हुंगती तितंच जास्त. घासून घासून.

मग पानी, मग टॉवेल, मग परत पानी. "अजून एकदा." पोरीला कोमट पानी, कोकराला बादलीतलं. थरथर कापायचं त्ये, आन् कापलं की टोपीवाला खुश, "बघा, हेच पाहिजे, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता हे उबेला यावं." रानी सुरवातीला मोबाईलवर शूटिंग काढत हुती, मैत्रिनींना दाखवाय. मग तिचं हसनं थांबलं. "वैनी, बास करा म्हना की त्यास्नी. वरडाय लागलंय त्ये." मी तिच्याकडं बघितलं बी न्हाय.

सांच्याला बटनला मेंढीकडं सोडलं. तिनं हुंगलं. परत हुंगलं. पाय आपटला आन् धडक दिली. त्ये परत गेलं, परत धडक. आमी तिला धरलं, तिचं दूध कोकराच्या पाठीला चोळलं, मीठ चोळलं — न्हाय. फुलांचा वास येत हुता त्याला, दुकानातल्या फुलांचा. तिचं लेकरू तिच्या पुढ्यात उभं राहून वरडत हुतं आन् ती दुसरीकडंच बघत साद घालत हुती, कुटं गेलं म्हनून.

पोरीच्या बाटलीतनं पाजलं. पिशवीतलं दूध त्याला सोसलं न्हाय. हगवन लागली. आन् त्ये गेलं. रानीच्या मांडीवर गेलं. मी आन् रानीनं मागं बाभळीखाली खड्डा केला, त्याला पुरलं. ह्ये कामावर. ह्यांचं जनावरांकडं ध्यान नसतंच. मी रानीला म्हनलं, कुनाला बोलू नगंस, जाहिरात लागायची हाय अजून, अपशकुन म्हनतील. ती डोळं पुसत म्हनली, "बरं वैनी." माझ्यासाठी गप बसली. तिला लपवता येत न्हाय आन् तरी माझ्यासाठी तिनं लपवलं.

जाहिरात लागली. काय सांगू तुमाला! हिकडं चॅनेल लावावं तर पोरगी, तिकडं लावावं तर पोरगी. टॉवेलातनं दोन तोंडं, कोकरू "बँ" करतंय आन् स्वरा खुदकन हसती. भाजीवाली मला वळखाय लागली. पोरं दाराशी यायची, "काकू, बटन दाखवा की." मी म्हनायची, झोपलंय. आत्यांकडं धाडलंय. डॉक्टरकडं नेलंय. काय तोंडाला येईल त्ये. रानी आतनं ऐकायची. कॉलेजात तिला बी सगळी इचारायची, बटन कसाय गं? कसं सोसावं तिनं?

मग एक दिवस तिनं त्यो व्हिडिओ मोबाईलवर टाकला. बादली, पानी, थरथरनारं कोकरू. आन् खाली लिवलं — ह्या कोकराला शॅम्पू लावला म्हनून आईनं घेतलं न्हाय, आन् त्ये मेलं, मी स्वतः पुरलंय. येवढंच. कुनाचं नाव न्हाय, माझं तर न्हायच.

रातोरात पसरला. पुन्यामुंबईची लोकं शिव्या द्याय लागली. जनावरांचं काम बघनाऱ्या लोकांनी तक्रार केली. टॉवेल जाळून त्याचे व्हिडिओ टाकले कुनीकुनी. दुसरी उलटी, म्हनायची, नाटकं हायेत, मटन खाताना कुटं जाती तुमची दया? समदीकडं नुसतं त्येच.

मॅनेजर आन् छोटे मालक आमच्या दारात आले. मला वाटलं ह्यांना कामावरनं काढाय आलेत. पन छोटे मालक मोबाईल बघून हसत हुते. म्हनले, "भांडू द्या लोकांना. भांडताना टॉवेल दिसतोय ना? पैसे देऊन एवढं नाव झालं नसतं." आन् मग माझ्याकडं वळून, सहज, पानी मागावं तसं इचारलं, "फक्त एक सांगा वहिनी. कोकरू आहे ना?"

"हाय की," मी म्हनलं.

कसं निगालं तोंडातनं? मला म्हाईत न्हाय. इचार केला नव्हता. ह्यांच्या कपाळावर घाम हुता आन् छोटे मालक हसत हुते आन् मी म्हनलं, हाय की. ह्यांचा चेहरा असा सुटला, मोकळा झाला — त्यांना बी खरंच वाटलं. "मग उद्या चॅनेलवाल्यांना पाठवतो," मालक म्हनले.

तुमी काय केलं असतं — न्हाय. ऱ्हाऊ द्या. ह्ये मी लई खेपा इचारलंय, मनात, ह्याला त्याला, भाजीवालीला, आरशातल्या बाईला. आता इचारनार न्हाय. मी काय केलं तेवढंच सांगते.

पोरीला काखंत घेतलं आन् अक्कलकोट रोडनं फुडं गेले. तितं कानडी मेंढपाळांचा तळ पडला हुता. एका म्हातारीला म्हनलं, पोरगी लई हट्ट करती, एक पांढरं कोकरू द्या, उद्या सांजच्याला परत आनते. जरा मोठं बघूनच मागितलं — बटन असता तर येवढ्यात तेवढा झाला असता. म्हनजे बघा किती डोकं चाललं माझं. म्हातारी निम्मं कानडी निम्मं मराठी बोलत हुती. तिनं पोरीच्या गालाला हात लावून बोटं मोडली आन् कोकरू माझ्या हातात दिलं. काय सुदिक घेतलं न्हाय. लेकराला खेळाय पायजे म्हनून दिलं.

त्ये मी शेजारच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. सकाळी ह्ये पाळीला गेले, रानी कॉलेजात गेली, आन् मी न्हानीघराची कडी घातली. पोरीची काजळाची डबी घेतली. घरचं काजळ, एरंडेलाच्या दिव्यावर मी धरलेलं, तूप घालून केलेलं, तिला नजर लागू नये म्हनून. त्याच डबीत बोट घातलं आन् कोकराच्या डाव्या डोळ्याभवती गोल काढलं. गोल बरं आलं.

मग चॅनेलवाली ताई आली, मग त्ये बोटाचं झालं. मी सांगत हुते, बाई लेकराला टाकतंय का कुनी? आईनं घेतलं न्हाय म्हनून मी बाटलीवर वाढवलं, माझ्या पोरीच्या तोंडची बाटली दिली. ताईच्या डोळ्यात पानी. आन् तेवढ्यात रानी दारात.

कॉलेज लवकर सुटलं हुतं का कुनी सांगितलं तिला, म्हाईत न्हाय. गर्दीतनं वाट काढत पुढं आली. कोकराकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"वैनी, ह्ये कुटलं कोकरू?"

क्यामेरा तिच्याकडं वळला. मी म्हनलं, "असं काय करतीस रानी? बटन की आपला."

"बटन मेलाय. आपुन पुरलाय की त्याला, दोगींनी." तिचा आवाज चढला न्हाय. तिला वाटलं मी इसरले. खरंच, तिला आधी तसंच वाटलं, माझ्या तोंडाकडं बघून मला आठवन करून देत हुती. "मागं बाभळीखाली. चला, दाखवते."

कोन जातंय? समोर जित्तं कोकरू कान हलवत असताना मेलेलं उकराय कोन जातंय? क्यामेरावाला हसला. मॅनेजर म्हनले, "लहान आहे ती, जाऊ द्या." रानी रडकुंडीला आली. तिला एकदम सुचलं आन् ती वरडली, "मेंढीकडं सोडा की त्याला! सोडा मेंढीकडं, बघा घेती का! दुसऱ्याचं लेकरू हाय त्ये, ती घेनारच न्हाय!"

सोडलं. कोकरू भुकेलं, पळतच गेलं. मेंढीनं हुंगलं आन् धडक देऊन आडवं पाडलं.

"बघा!" रानी म्हनली. तिचं तोंड असं उजळलं. "बघितलं का?"

आन् मी — मला त्या वक्ताला कुनी शिकवलं न्हाय, कुनी सांगितलं न्हाय — मी म्हनलं, "अगं, तूच लिवलंस की मोबाईलवर. बटनला आई घेत न्हाय म्हनून. न्हाय घेतलं तिनं. मग बटनच की ह्यो."

ताईनं मान हलवली. "बरोबर आहे. व्हिडिओत तसंच लिहिलंय." गल्लीतली दोघंतिघं हसली. खरं सांगू? मला त्या घडीला माझं मलाच कवतिक वाटलं. सातवी सोडलेली बाई मी, कॉलेजातल्या पोरीला बोलन्यात धरलं. येवढंसं, पापनी लवेपातुर, पन वाटलं. त्येच मला सगळ्यात जास्त टोचतं.

रानीचं तोंड उघडंच राहिलं. तिचंच खरं बोलनं तिच्या अंगावर उलटलं हुतं. ताईनं मला इचारलं, "मग ही असं का म्हणते?"

तितं मी काय बी म्हनू शकत हुते. गैरसमज झाला म्हनू शकत हुते. मी म्हनलं, "तिला पयल्यापास्नं खोटं बोलायची सवय हाय ओ. आमी घरात मनावर घेत न्हाय."

त्येच दाखवलं. माझं वाक्य, मग रानीचं उघडं तोंड, मग कोकरू.

सांच्याला त्या म्हातारीचं कोकरू परत दिलं. पान्यानं पुसलं तरी डोळ्याभवती जरा काळपट राहिलं हुतं. म्हातारी म्हनली, "दृष्ट काढली काय?" मी व्हय म्हनलं. ह्यांना बी, आन् आत्या आल्यावर त्यांना बी सांगितलं, बटन इकला. त्यांनी काय इचारलं न्हाय.

आन् छोट्या मालकांनी दुसरी जाहिरात केली. चॅनेलवाल्यांकडनं त्ये बोटाचं शूटिंग घेतलं. वर अक्षरं, सगळे ज्याच्याबद्दल भांडले त्ये कोकरू मजेत हाय, आन् खाली टॉवेल. पयलीपेक्षा जास्त चालली. बायका मला म्हनायच्या, जनावराला लेकरागत लावलंस, लई पुण्य हाय तुला.

रानी कॉलेजात गेली की पोरी "बँ, बँ" करायच्या. वर्गात शिरली की मागनं "बँ". बसमधी "बँ". तिच्या व्हिडिओखाली लोकं काय काय लिवायची, मी वाचायची, मला येवढं वाचता येतं. प्रसिद्धीसाठी करती. घरच्यांच्या पोटावर पाय देती. ह्यांनी तिचा मोबाईल काढून घेतला. "माझी नोकरी घालवायला निगाली हुतीस व्हय गं?" म्हनले. ती माझ्याशी भांडली न्हाय. ती यायची वाट बघायची मी, आता ईल आन् म्हनंल, वैनी असं का केलंत. आली न्हाय. फकस्त पोरगी रडली की उठायची बंद झाली. मग कॉलेज बंद केलं. मग जेऊरचं स्थळ आलं, त्यांनी जास्त इचारपूस केली न्हाय, आमी बी केली न्हाय. लग्न झालं.

औंदा पंचमीला ती आली. वाळली हुती. बांगड्या कोपरापातुर भरल्या हुत्या, येवढ्या कशाला म्हनून मी बघितलं, तर खाली निळं पडलेलं. जेवान झाल्यावर तिनं सांगितलं. सगळ्यांपुढं. नवरा मारतो. पट्ट्यानं मारतो, सासू दार लावून घेती. मला तिकडं परत धाडू नका. रडली न्हाय. सरळ सांगितलं, मीठ दोनदा पडलंय तसं.

ह्ये पान खात हुते. आत्या धान्य निवडत हुत्या. आत्या बोलल्या, "बाई, कुनाला काय लागतंय, कुनाला काय. येवढं वाढवून सांगू नये." ह्ये म्हनले, "तुझं काय खरं मानायचं गं रानी? तवा बी अशीच छाती ठोकून सांगत हुतीस."

रानीनं माझ्याकडं बघितलं. किती दिसांनी बघितलं. "वैनी, तुमी सांगा की ह्यास्नी," म्हनली. "तुमाला तर म्हाईत हाय मी कशी हाय."

ह्ये बी वळले. "काय गं? तुला काय वाटतं?"

आत्या हातातलं सूप थांबवून बघाय लागल्या. पोरगी माझ्या पायाला धरून उभी हुती. तोंड उघडलं असतं तर आधी काजळ सांगावं लागलं असतं. मग म्हातारीचं कोकरू, मग बाभळीखालचं, मग त्ये वाक्य. मग ह्ये माझ्याकडं कसं बघतील, आत्या कसं बघतील, कारखान्यात काय हुईल — समदं एका दमात डोळ्यापुढनं गेलं. तिचे हात पुढ्यातच हुते. निळे.

"नवं नवं हाय," मी म्हनलं. "हुईल की सवय."

दुसऱ्या दिवशी ह्ये तिला ठेसनावर सोडून आले. मी भाकरी आन् शेंगाची चटनी बांधून दिली. तिनं घेतली. गाडीत बसताना काय म्हनली का, मी ह्यांना इचारलं. काय न्हाय म्हनले.

रानी खोटं बोलत न्हाय. कोकरू मेलं हुतं. नवरा मारतो. ह्या घरात ह्ये दोन्ही म्हाईत असलेली मी एकटी बाई हाय.

आज सकाळी मी कपडे धूत हुते, मोबाईल कट्ट्यावर हुता. तिचं नाव आलं. हात वले हुते माझे. पुसले. पदराला चांगले पुसले, मग बी मी उभीच राहिले. वाजत राहिला, वाजत राहिला, पोरगी "आत्तू, आत्तू" म्हनाय लागली, फोनवर तिचा फोटू येतो, त्यो पोरीला आता वळखू येतो. मग थांबला.

आता दिवस कलला. तवापास्नं परत वाजला न्हाय. मी बी लावला न्हाय.